मास्तर पडले त्याची बातमी

मित्रांनो, या जगात असा एकही शूर पुरुष झाला नाही, ज्याने माझ्यापुढे लोटांगण घातलं नाही. खलाशी आले, गोदीतले हमाल आले, पावाच्या भट्टीवरचा तो धिप्पाड पोर्तुगीज आला. सगळे ताठ मानेने आले आणि सगळे माझ्या पायाशी आडवे झाले.

पायाशी म्हणायचं ते आपलं बोलण्याच्या ओघात. मला पाय नाहीत. मी एक जुनी चटई आहे. आणि ज्याला मी जग म्हणाले, ती हवाई बेटावर हिलो बंदराच्या मागे असलेली एक गल्ली आहे. पण गल्ली लांब होती.

माझा जन्म जपानात, हिरोशिमाच्या पूर्वेला झाला. तिकडे चिखलाच्या शेतांत लव्हाळं पिकतं. माझ्या पोटात भाताचा पेंढा आहे, अंगावर लव्हाळ्याचं विणकाम आहे आणि दोन्ही कडांना काळी कापडी पट्टी आहे. आमच्यात अशा जाड चटईला तातामी म्हणतात. ज्या कारागिराने मला शिवलं, तो प्रत्येक टाक्याला कोपर टेकवून दोरा आवळत असे आणि आवळताना माझ्याशी बोलत असे. तो म्हणाला, तुझं नशीब थोर आहे, तू चहापानाच्या खोलीत जाशील, नाजूक माणसं तुझ्यावर गुडघे टेकून बसतील आणि फुलदाणीतल्या एकाच फुलाकडे तासभर बघतील. शिवणकामात त्याचा हात फार चांगला होता. भविष्यात तितका नव्हता.

त्या गावच्या त्सुने नावाच्या मुलीचं लग्न हिरानुमा शिनसाकु या तरुणाशी ठरलं. तो हवाईला निघाला होता. तिथल्या ऊसमळ्यांवर हजारो जपानी माणसं कामाला होती. त्यांच्या मुलांना ज्युदो शिकवायचा आणि मोठ्यांसाठी वर्तमानपत्र काढायचं, असा त्याचा बेत होता. त्सुनेच्या वडिलांनी हा बेत नीट ऐकून घेतला. यातल्या एकाही धंद्यात जावई दोन वेळ जेवेल असं त्यांना दिसेना. निदान अंग टाकायला तरी काही असावं, म्हणून त्यांनी मला लेकीच्या सामानात दिलं. मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपांशेजारी बसून मी समुद्र ओलांडला. त्या वासाबद्दल माझी आजही तक्रार नाही. पिंपांची माझ्याबद्दल असावी.

हिलोला त्यांना पत्र्याच्या छपराची एक खोली मिळाली. सकाळी ती तालीम असे आणि दुपारी छापखाना. तालमीला लागतात तितक्या चटया कुठून आणणार? म्हणून जमिनीवर उसाचं पाचट पसरलं, त्यावर जुन्या शिडाचं कापड ताणलं आणि मधोमध मला ठेवलं. साध्या माणसाने पाचटावर पडायचं आणि ज्याला स्वतः मास्तर पाडणार, त्याने माझ्यावर, असा मान ठरलेला होता. हो, हिरानुमांना सगळं गाव मास्तर म्हणे. माणूस ठेंगणा, मिशी मात्र उंच माणसाची. समोरच्याची कॉलर आणि बाही ते अशी हलक्या हाताने धरत, की त्याला वाटावं आता हे आपल्या कपड्याचा भाव विचारणार. मग तो छपराचा पत्रा पाहत असे.

दुपारी त्सुनेबाई मेणकागदावर लोखंडी टोकाच्या लेखणीने सगळा अंक लिहून काढत. अक्षर मोत्यासारखं. मग सायक्लोस्टाईलवर शाईचा रूळ फिरे आणि ओले कागद वाळायला माझ्यावर पसरले जात. त्यामुळे मला थोडंफार वाचता येतं, पण उलटं. दुसऱ्या दिवशी शिष्य माझ्यावर आपटले की आदल्या दिवसाची बातमी त्यांच्या पाठीवर उठत असे. कुणी तांदळाचा भाव घेऊन घरी जाई, कुणी बोटींच्या वेळा. गल्लीतल्या बायका मुलांचे सदरे धुण्याआधी वाचून घेत. अंक विकत घेणारी माणसं त्यामुळे कमी झाली, असं मास्तरांना वाटे.

वर्तमानपत्राचं नाव ‘किनारा’. नावाखाली एक ओळ असे: ‘पाहिलं ते लिहिलं’. मित्रांनो, अशा ओळी पुष्कळ वर्तमानपत्रांवर असतात आणि कुणाला त्यांचा त्रास होत नाही. आमच्या गल्लीला झाला. कारण मास्तर खरोखरच पाहत आणि खरोखरच लिहीत. मठातले भिक्षू स्वतःचंच प्रवचन ऐकता ऐकता झोपी गेले, हे छापून आलं. न्हाव्याने बोलण्याच्या नादात गिऱ्हाइकाची एकच बाजू कापून त्याला घरी पाठवलं, तेही आलं. मोठे दुकानदार इवागामी जपानहून आलेल्या बोटीचं स्वागत करायला धक्क्यावर उभे होते. त्यांनी वाकून नमस्कार केला, मग आणखी वाकून केला, आणि पाण्यात पडले. ही बातमी ‘किनारा’मध्ये एका ओळीत आली होती. ‘श्री. इवागामी बोटीच्या स्वागताला गेले व बोटीच्या आधी पाण्यात उतरले.’ त्यानंतर महिनाभर लोक त्यांच्या दुकानात सोया सॉसची बाटली घ्यायला जात आणि त्यांच्याऐवजी बाटलीकडे बघून हसत.

थोडक्यात, गावात ज्याची फजिती छापून आली नाही, असा एकच इसम उरला होता. ते स्वतः मास्तर. त्यात लबाडी काही नव्हती. मास्तर कधी पडलेच नव्हते.

पडले नव्हते म्हणूनच तर इवागामींनी मोठं मन केलं होतं. पाण्याची गोष्ट त्यांनी पोटात घातली आणि नवी तालीम बांधण्यासाठी समिती काढली. खरी तालीम, लाकडी, पूर्ण चटयांची. मळ्यामळ्यांतून वर्गणी येऊ लागली. सगळीकडे एकच जाहिरात होती की हिलोचे हिरानुमा मास्तर अजिंक्य आहेत. ‘किनारा’चं अख्खं मागचं पान इवागामींच्या दुकानाच्या जाहिरातीचं, तेवढ्यावर अंक निघत होता. तालीम आणि वर्तमानपत्र, दोन्ही मास्तरांच्या न पडण्यावर उभं होतं. आणि मास्तर उभे होते माझ्यावर. एवढा भार किती चटयांच्या वाट्याला येतो?

आता गुशिकेनबद्दल सांगायला हवं. हा ओकिनावाचा. डुकरं पाळणारा. घरोघरचं खरकटं गोळा करायला तो हातगाडी घेऊन येई. त्सुनेबाईंच्या स्वयंपाकघराच्या दाराशी त्याचा डबा ठेवलेला असे. आमच्या लोकांत एक वाईट खोड होती. ओकिनावाची माणसंही आमच्याच बोटीने आली, आमच्याच मळ्यात ऊस तोडू लागली, पण आमची माणसं त्यांना आपल्यात धरत नसत. त्यांची बोली वेगळी, त्यांच्या म्हाताऱ्या बायकांच्या हातांवर गोंदण, आणि वर डुकरं. तालमीत त्यांचा एकही मुलगा नव्हता. कुणी मनाई केली नव्हती. कुणी बोलावलंही नव्हतं.

गुशिकेनला याचं दुःख होत असेल, पण ते गप्प राहून सोसण्यातला तो नव्हता. खरकटं गाडीत ओतलं की तो खिडकीच्या चौकटीवर कोपर टेकून सराव बघे आणि मोठ्याने मत देई. एका रविवारी दुपारी समितीची सगळी मंडळी वर्ग बघायला आली असताना तो म्हणाला, “मास्तर, एक विचारू? तुमच्यात माणूस पाडतात की त्याचे कपडे?”

शिष्य चिडले. मास्तर हसले. त्यांनी त्याला आत बोलावलं, अंगात घालायला सदरा दिला, कमरेला पट्टा दिला. तुमच्याकडे कुस्ती कशी सुरू होते, असंही विचारलं. गुशिकेन म्हणाला, आमच्यात दोघांनी आधीच एकमेकांचे पट्टे धरायचे, हनुवटी खांद्यावर ठेवायची, आणि मग सुरू. पाठ टेकली की संपलं.

मास्तर म्हणाले, “ठीक आहे. पाहुण्याच्या पद्धतीने.”

मित्रांनो, ही चूक फक्त आमच्याच माणसांना जमते. समोरच्याला मनातून कमी लेखायचं, पण पाहुणचारात मात्र कमी पडायचं नाही. कॉलर आणि बाही सोडून मास्तरांनी त्याचा पट्टा धरला. त्याने मास्तरांचा धरला. दोघांच्या हनुवट्या एकमेकांच्या खांद्यांवर. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, भाऊ भाऊ खूप दिवसांनी भेटले. मग गुशिकेनने मास्तरांना उचललं, जशी आपण घरातली वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवतो तसं, आणि ठेवलं.

माझ्यावर ठेवलं. तोवर मी मास्तरांना रोज भेटत होते, पण तळव्यांकडून. त्या दिवशी प्रथमच त्यांच्या पाठीची ओळख झाली. पूर्ण पाठ. दोन्ही खांदे, कंबर, सगळं. यात शंकेला जागा नाही, कारण जागा सगळी त्यांनीच व्यापली होती.

 मग इवागामी म्हणाले, पाय घसरला. लगेच सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. हो हो, घसरला. भिक्षूंनीही घसरताना पाहिलं, आणि ते तर त्या वेळी जागे होते की नाही याबद्दलच मतभेद आहेत. पण पाय घसरायला काही कारण लागतं. सगळे इकडे तिकडे बघू लागले. आणि मग, मित्रांनो, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

इवागामी म्हणाले, “चटईच झिजलीये. सरकली ती. असल्या चटईवर कोणीही पडेल.”

इतकी वर्षं मी सगळ्या गावाला झेललं होतं. कुणाचं हाड मोडू दिलं नाही. आणि तो दोष माझ्या अंगावर आला. मला तोंड असतं तर मी त्याच क्षणी बोलले असते. पण मला तोंड नाही, आणि ज्यांना होतं, ते माना डोलावत होते.

तेव्हा गुशिकेन बोलला. “चटई जागची हललेली नाही. मी हललो. मास्तर हलले. तिला कशाला मधे घेता?”

त्या दिवसापासून मी त्याची आहे.

मास्तर उठून बसले. त्यांनी आधी मिशी चाचपली, मग गुशिकेनला वाकून नमस्कार केला. गुशिकेनने सदरा काढून नीट घडी घातली आणि विचारलं, “छापणार का हो?” मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “आमच्यातलं कुणी आजवर तुमच्या कागदात आलेलं नाही. एकदा माझं डुक्कर मठात शिरलं होतं, ते आलं. पण त्यात डुकराचा रंगसुद्धा होता आणि माझं नाव नव्हतं. माझी म्हातारी आई तिकडे ओकिनावाला, गावात आहे. नाव आलं तर तिला अंक धाडीन म्हणतो.”

मास्तर म्हणाले, अंक मंगळवारी लिहितात. गुशिकेन खरकटं घेऊन गेला.

मंगळवारपर्यंत गल्लीत दुसरा विषय नव्हता. मजा अशी, की मास्तर पडल्याचं दुःख सगळ्यांना होतं, पण मास्तर आता काय छापतात, याची ओढ दुःखाहून मोठी होती. ज्याची ज्याची फजिती छापून आली होती, तो तो काहीतरी निमित्त काढून आमच्या दारावरून जाई आणि आत डोकावे. न्हावी तर दिवसातून कितीदा गेला याची गणतीच नाही.

मंगळवारी दुपारी इवागामी आले. जोडे बाहेर काढले, माझ्यावर बसले, घाम पुसला. म्हणाले, झालं ते सगळ्यांनाच माहीत आहे, मग छापायची काय गरज?

मास्तर म्हणाले, “तुम्ही धक्क्यावरून पडलात तेही सगळ्यांना माहीत होतं, इवागामीसान.”

“मग तेव्हा मी हेच म्हणत होतो की!”

 इवागामी मग कळकळीने बोलू लागले, आणि ते खोटं बोलत नव्हते. म्हणाले, वरच्या मळ्यांतली माणसं अजिंक्य मास्तरासाठी वर्गणी देताहेत. डुकरवाल्याने उताणा पाडलेल्या मास्तरासाठी कोण देईल? मुलं घरी बसतील. तालीम होणार नाही. आणि मलाही मग मागच्या पानाचा विचार करावा लागेल. दोन शब्द लिहा फक्त. चटई सरकली. कुणाचं काय जातंय त्यात?

माझं जात होतं. पण मी त्यांच्या खाली होते.

ते गेल्यावर मास्तर माझ्यावर मांडी घालून लिहायला बसले आणि त्सुनेबाई मेणकागद घेऊन समोर. मास्तरांचं चित्त डळमळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यांनी पहिला मजकूर लिहिला. त्यात त्या दिवशीची दमट हवा होती, छपराची उंची होती, ओकिनावाच्या कुस्तीचा प्राचीन इतिहास होता, आणि शेवटी ‘या प्रसंगी मास्तरांना जमिनीचं जवळून अवलोकन करण्याची संधी मिळाली’ असं वाक्य होतं.

त्सुनेबाईंनी तो वाचला. “अहो, ही पडल्याची बातमी आहे की हवामानाचा अंदाज?”

दुसऱ्या मजकुरात हवा गेली, पण मी आले. चटई झिजलेली असल्याने, अशी सुरुवात होती. त्सुनेबाईंनी लेखणी उचलली नाही. त्यांनी माझ्यावरून हात फिरवला, कडेच्या पट्टीपासून मधोमध, जिथे मास्तर पडले होते तिथपर्यंत. म्हणाल्या, ही माझ्या बाबांनी दिलेली आहे. मग एवढंच बोलल्या: “इवागामीसान पडले तेव्हा तुम्हाला एक ओळ पुरली होती.”

मास्तर खूप वेळ मिशी ओढत राहिले. मेणकागदाची गंमत अशी असते, की एकदा टोक फिरलं की खोडता येत नाही. जे उमटलं ते प्रत्येक प्रतीत उमटणार. म्हणून तोंडी सांगताना ते एकेक शब्द सुटा करून सांगू लागले, जणू दात काढून देताहेत. नावापाशी येऊन अडले. आजवरची पद्धत ‘एक ओकिनावावाला’ असं लिहायची. इतक्या वर्षांत त्या माणसाचं पूर्ण नाव त्यांना ठाऊक नव्हतं. त्सुनेबाई उठल्या. मागच्या दाराशी गुशिकेन डबा ओतत होता. त्यांनी त्याला वाकून नमस्कार केला आणि पूर्ण नाव विचारलं.

त्याने सांगितलं, गुशिकेन कामा. मग हात पुसत म्हणाला, “डुकरांचा उल्लेख नको, बाई. त्यांचा एकदा झालाय.”

अंक निघाला. पहिल्या पानावर, नेहमीच्याच आकाराच्या अक्षरांत, ओळ अशी होती: ‘रविवारी श्री. गुशिकेन कामा यांनी या पत्राच्या संपादकाला पट्टा धरून उचलले व पाठीवर पाडले. चटई जागची हलली नाही.’

मित्रांनो, ही माझ्यावर आलेली एकमेव बातमी आहे. ओला कागद माझ्यावरच वाळत पडला होता. मी ती उलटी वाचली, पुन्हा पुन्हा वाचली. असा मान राजवाड्यातल्या चटयांना मिळालेला नाही. त्यांना रेशमी कडा असतात, एवढंच.

गल्ली पोट धरून हसली. न्हाव्याने दुकानात ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली आणि त्या भरात आणखी एका गिऱ्हाइकाची एकच बाजू कापली. पण हसून झाल्यावर इवागामींनी म्हटलं तसंच झालं. वर्गणी थांबली. समितीची बैठक पुढे गेली आणि पुढेच राहिली. ‘किनारा’चं मागचं पान कोरं निघू लागलं. मुलं एकेक करून यायची बंद झाली, आणि माझ्यावर धुळीशिवाय कुणी पडेना. मास्तर रोज सकाळी सदरा घालून, पट्टा बांधून एकटे उभे राहत. त्सुनेबाई पातळ पेज करत आणि ती दाट आहे असं दोघंही मानत.

मग एका सकाळी गुशिकेन दाराशी आला. गाडी नव्हती, अंघोळ केलेली होती, आणि मागे ओकिनावाच्या तरुणांची रांग होती. तो म्हणाला, यांना ते कपड्यांचं शिकवा. मास्तर म्हणाले, शिकवतो, पण मला ते पट्ट्याचं शिकव.

त्या दिवसांत मास्तर माझ्यावर इतके पडले, की आधीच्या सगळ्या वर्षांची कसर भरून निघाली. गुशिकेन वाईट शिक्षक होता. पाडायचा, आणि वर विचारायचा की कळलं का. पण मास्तर पन्नाशीकडे झुकल्यावर पुन्हा शिष्य झाले आणि त्यांच्या मिशीला ते शोभून दिसलं. मी सांगते, अभिमान मला त्यांच्या जिंकण्याचा नाही. जिंकताना मी त्यांचे फक्त तळवे पाहिले आहेत.

पुढे एकदा बंदरात आवई उठली की तांदळाची बोट बुडाली. लोक इवागामींच्या दुकानावर तुटून पडले. तांदूळ लपवलाय म्हणून कुणी फळ्या उचकटायला लागलं. मास्तरांनी गोदीत जाऊन चौकशी केली आणि हाताएवढ्या कागदावर छापलं की बोट बुडालेली नाही, उशिरा येते आहे. गर्दीतला एकजण म्हणाला, ‘किनारा’त आलंय ना? जो स्वतः पडल्याचं छापतो, तो बोट बुडाल्याचं कशाला लपवेल? लोक घरी गेले. पुढच्या अंकात मागचं पान भरलेलं होतं. नवी तालीमही झाली. ठरली होती तिच्या निम्म्या आकाराची. दारावर इवागामींचं नाव मात्र ठरल्याहून मोठं होतं.

तिथे नव्या चटया आल्या. मी म्हातारी झाले होते. एकदा माझं वरचं विणकाम सोडवून, उलटून, आतलं कोरं अंग वर घेऊन पुन्हा शिवून झालं होतं. दुसऱ्यांदा ते करता येत नाही. मला आता फेकतील असं वाटलं. मास्तरांनी मला समोरच्या भिंतीपाशी ठेवलं, जिथे सगळे आत आल्यावर वाकून नमस्कार करतात. तेव्हापासून हिलोतला प्रत्येक पैलवान, गोरा, काळा, आमचा, ओकिनावाचा, रोज माझ्यापुढे वाकत असे. सुरुवातीला मी जे म्हणाले ते अगदीच खोटं नव्हतं.

मग जपान आणि अमेरिकेची मोठी लढाई आली. वर्तमानपत्र बंद झालं, तालमीला कुलूप लागलं. अमेरिकन शिपाई मास्तरांना कैद करून न्यायला आले. ज्युदो शिकवणारा म्हणून एकजण हवा होता आणि जपानी वर्तमानपत्र काढणारा म्हणून दुसरा. माणूस एकच मिळाला म्हणून ते जरा हिरमुसले होते. माझ्या अंगावर जपानी अक्षरांचे डाग होते, आणि तेव्हा लोक अशा वस्तू जाळून टाकत होते. गुशिकेनने मला गाडीत घातलं, वर खरकटं ओतलं आणि डुकरांच्या गोठ्याच्या माळ्यावर नेऊन ठेवलं. चहापानाच्या खोलीचं भविष्य सांगणारा तो कारागीर मला तिथे फार आठवला. पण डुकरांनी मला कधी त्रास दिला नाही, आणि त्यांच्यातलं कुणीही मी सरकले असं म्हणालं नाही.

लढाई संपल्यावर मास्तर कैदेतून परत आले ते काठी टेकत. मिशी पांढरी, तरी उंच. गुशिकेनने मला खाली काढून अंगणात, उन्हात पसरलं. दोघे म्हातारे समोरासमोर उभे राहिले. एकमेकांचे पट्टे धरले, हनुवट्या खांद्यांवर ठेवल्या. कुणालाच कुणी उचलेना. बराच वेळ गेला. त्सुनेबाई पायरीवरून म्हणाल्या, आता भात निवेल. तेव्हा दोघेही एकदम खाली बसले, माझ्यावर, आणि हसत राहिले.

ते तिघेही आता नाहीत. मी आहे. शहरातल्या एका सभागृहात, काचेच्या मागे, भिंतीला टेकवून उभी केलेली आहे. आयुष्यभर आडवी राहिलेल्याला म्हातारपणी उभं करणं हा सन्मान असतो, असं मला सांगण्यात आलं. शाळेची मुलं येतात, नाक काचेला लावतात. माझ्या शेजारी समितीने एक पाटी लावली आहे. मुलं ती मोठ्याने वाचतात, म्हणून मला कळलं. तिच्यावर लिहिलंय, ‘अजिंक्य हिरानुमा मास्तर. या चटईवर ते आयुष्यात कधीही पडले नाहीत.’

मित्रांनो, समितीचा हेतू चांगला आहे. समित्यांचा तो असतोच. पण मास्तर पडले होते. माझ्यावर पडले होते, पूर्ण पाठीवर, गुशिकेन कामाच्या हातून, आणि ते त्यांनी स्वतः छापलं होतं, घरात पेज पातळ होत असताना. अजिंक्य माणूस दर बंदराला एक असतो. स्वतःच्या पडण्याची बातमी पहिल्या पानावर देणारा मी एकच पाहिला. ही पाटी त्यांचं ते एकमेव मोठेपण खोडून टाकते, आणि त्याबरोबर एका माणसाचं नावही, जे त्याच्या म्हातारीने तिकडे गावात भिंतीवर लावून ठेवलं होतं. म्हणून तुम्हाला माझं कळकळीचं सांगणं आहे. जुन्या वस्तू जपा, त्यांना अधूनमधून ऊन दाखवा, पण त्यांच्या नावावर वाटेल ते सांगू नका. आपली माणसं पडली असतील, तर पडली म्हणून सांगा. आम्ही झेललं आहे त्यांना, आम्हाला त्याची लाज वाटत नाही.

पाटी बदलायची म्हणजे बैठक बोलवावी लागेल, हे मला कळतं. घाई नाही. तोवर एवढंच करा, की ती पाटी ज्या टाचणीने लावली आहे, ती माझ्या उजव्या कुशीत खोचलेली आहे. ती जरा काढून भिंतीत टोचा. बोचते.